गोव्यातला सीलिॲक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या मराठी घरांतून सीलिॲक या आतड्याच्या आजाराबद्दल आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द बहुतेक ठिकाणी विचारणाऱ्यांचेच आहेत. सगळं वाचायला सवड नसेल तर निदान प्रश्न ७ वाचा, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो.

१. सीलिॲक म्हणजे गव्हाची ॲलर्जीच ना?

नाही. ॲलर्जीत गहू पोटात गेल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी दम लागतो. सीलिॲकची तऱ्हा वेगळी आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. काही माणसांचं शरीर त्याला परकं समजून लढायला उठतं आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याला जखमी करतं. आतड्याच्या अस्तरावर बोटासारखे बारीक रसांकुर असतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं शोषून घेण्याचं काम त्यांचं. ते झिजून सपाट झाले की माणूस पोटभर जेवतो आणि तरी खंगत जातो.

तिसराही एक प्रकार आहे. काहींना गहू खाल्ला की पोट फुगतं, पण सीलिॲकची तपासणी स्वच्छ येते. त्यातल्या बऱ्याच जणांना ग्लुटेन नव्हे, तर गव्हातली न पचणारी एक प्रकारची साखर बाधते. तीच कांद्या-लसणातही असते. या लोकांच्या आतड्याला इजा होत नाही आणि त्यांना जन्मभराचं कडक पथ्य लागत नाही. म्हणूनच कोण कुठल्या गटात आहे हे तपासून ठरवावं लागतं.

२. हा आजार पसरतो का? एका ताटात जेवलं तर मुलांना लागेल का?

संसर्गाने अजिबात नाही. उष्टं खाल्लं, एकाच पेल्यातून पाणी प्यायलं, काहीही झालं तरी लागत नाही. तो पसरतो रक्ताच्या नात्यातून, तोही सरळ हिशेबाने नव्हे. एचएलए-डीक्यू २ आणि डीक्यू ८ अशी दोन जनुकीय ठेवणी आहेत. सीलिॲक असलेल्या जवळजवळ प्रत्येकात त्यांपैकी एक सापडते. पण ती तर एकूण लोकसंख्येतल्या ३० ते ४० टक्के माणसांत असते आणि आजार होतो त्यांतल्या मोजक्यांनाच. जुळ्यांपैकी एकाला आजार असेल आणि जुळी एकसारखी असतील, तर दुसऱ्यालाही तो होण्याची शक्यता सुमारे तीन-चतुर्थांश असते. म्हणजे जनुकं सगळी सारखी असूनही काही जण सुटतात. घरातल्या इतरांनी काय करावं ते प्रश्न १७ मध्ये आहे.

३. आम्ही शीत-कडी खाणारी माणसं. हा तर पंजाब-हरियाणाकडचा आजार ना?

हा समजच गोव्यात रुग्णाच्या वाटेत आडवा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या मिळून २३ हजारांहून जास्त प्रौढांची त्यात तपासणी झाली होती. सीलिॲकचं प्रमाण उत्तरेत हजारी ८.५३ निघालं, ईशान्येत ४.६६ आणि दक्षिणेत फक्त ०.११. हे वाचून कुणीही म्हणेल, की बरोबर, हा गहू खाणाऱ्यांचा रोग आहे. पण त्याच अभ्यासात जनुकांचीही पाहणी झाली होती. आजाराला पोषक जनुकं उत्तरेत ३८.१ टक्के लोकांत होती, ईशान्येत ३१.४ टक्के आणि दक्षिणेत ३६.४ टक्के. उत्तर आणि दक्षिण यांच्यात म्हणण्यासारखा फरकच नाही. फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५.

यातला ईशान्येचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिथला गहू दक्षिणेपेक्षा फक्त १२ ग्रॅमने जास्त, तरी आजार कितीतरी पट. याचा अर्थ गव्हाचं वजन हे एकच कारण नव्हे आणि भात हे मुख्य अन्न असलं की सुटका झाली असंही नाही.

आता गोव्याकडे पाहा. दुपारी शीत (भात) आणि हुमण (माशाची आमटी) आहेच, पण सकाळी पाव, चहाबरोबर बिस्किटं आणि रात्री चपाती असं असंख्य घरांत चालतं. शिवाय वास्को, पर्वरी, मडगावात उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातून आलेली कुटुंबं आता इथलीच झाली आहेत. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. तिला दक्षिणेचा दर लावला तर सुमारे १६० रुग्ण होतात, उत्तरेचा लावला तर १२ हजारांच्या वर. हा नुसता गुणाकार आहे, गोव्याची मोजणी नव्हे. पण दोन टोकांमधलं अंतर एवढं मोठं असताना ‘आपल्याकडे नसतो’ असं म्हणून लक्षणं सोडून देणं परवडणारं नाही.

४. पाव तर पोर्तुगीजांच्या काळापासून खातोय. मग आमच्या आजी-आजोबांना का नाही झाला?

झाला असेल, पण त्याला नाव मिळालं नसेल. ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’, ‘संग्रहणी झाली’, ‘जन्मतःच अशक्त’ असं म्हणून किती मुलं गेली असतील कोण जाणे. ग्लुटेनचा संबंधच मुळात उशिरा कळला. विलेम डिके हे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ. महायुद्धातल्या १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात त्यांच्या देशात पाव मिळेनासा झाला. एरवी सगळी मुलं उपासमारीने खालावत होती, पण सीलिॲकची मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. गव्हाबद्दलची शंका डिके यांना आधीपासून होती, तिला यातून बळ मिळालं आणि १९५० च्या त्यांच्या प्रबंधात ती पक्की मांडली गेली. आज सर्रास होते ती रक्ततपासणी तर १९९७ नंतरची आहे.

दुसरं असं, की पाव जुना असला तरी त्याचं ताटातलं स्थान बदललंय. पूर्वी न्याहारीला पाव खाल्ला तरी अकराच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी असायची, उन्हाळ्यात नाचणीची आंबील. आता त्या जागी बिस्किटाचा पुडा आणि नूडल्स आले आहेत.

५. जुलाब नाहीत, पोट दुखत नाही. तरी सीलिॲक असू शकतो?

हो. मोठ्या माणसांत बहुधा असाच असतो.

पुस्तकातलं जुनं चित्र म्हणजे दीड-दोन वर्षांचं मूल. गहू सुरू झाल्यावर काही महिन्यांत पातळ, तेलकट, दुर्गंधीची शी, फुगलेलं पोट, काटकुळे हातपाय, चिडचिड. असं मूल डॉक्टरांच्या नजरेतून सहसा सुटत नाही. सुटतात ते बाकीचे.

सर्वांत पहिला मान रक्तक्षयाचा. लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊन हिमोग्लोबिन वर येत नाही, आलं तर गोळ्या थांबताच खाली जातं. बाई असेल तर पाळीवर बोट ठेवून विषय संपवला जातो. मासे, कधी मटण खाणाऱ्या, पाळी व्यवस्थित असलेल्या बाईचं लोह सारखं का संपतं, हा प्रश्न विचारायलाच हवा. त्यानंतर येतात हाडं: कमी वयात ठिसूळपणा, किरकोळ पडण्याने मोडलेलं मनगट, ड जीवनसत्त्व घेऊनही न थांबणारी अंगदुखी. पुन्हा पुन्हा तोंड येणं, दातांच्या चकाकीवर चट्टे, लांबलेली पाळी, वारंवार गर्भपात, मूल न राहणं, हातापायांना मुंग्या, तोल जाणं, यकृताच्या तपासणीत विनाकारण वाढलेले आकडे, हे सगळं सीलिॲकमध्ये दिसू शकतं. कोपरं, गुडघे आणि कुल्ल्यांवर भयंकर खाजणारे बारीक फोड येत असतील तर तो याच आजाराचा त्वचेवरचा अवतार असू शकतो. आपल्या दमट हवेत तो गजकर्ण किंवा घामोळं समजून महिनोन्महिने मलमं चोळली जातात.

आणखी एक गैरसमज: जाड माणसाला सीलिॲक नसतो. असतो. बद्धकोष्ठ असलेल्यालाही असतो.

६. मुलाची उंची वाढत नाही, पण आमच्या घरी सगळेच बुटके. तपासावं का?

सगळे बुटके म्हणजे किती, ते आधी वहीत उतरवा. मुलाची उंची दर सहा महिन्यांनी त्याच भिंतीवर मोजा. मूल बुटकं असूनही आपल्या रेषेत वाढत असेल तर फारशी काळजी नाही. पण आधी वर्गात मधल्या रांगेत असलेलं मूल दोन वर्षांत पुढे सरकलं असेल, कपडे लहान होत नसतील, तेराव्या-चौदाव्या वर्षीही वयात येण्याची चिन्हं नसतील, तर थायरॉइडबरोबर सीलिॲकचीही तपासणी सांगा. टाइप १ मधुमेह, थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार, डाउन किंवा टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलांत तर लक्षण नसतानाही तपासतात.

७. मी गहू बंद केला आणि फार बरं वाटलं. आता तपासणीची काय गरज?

गरज आहे, आणि खरं तर ती बंद करण्याआधी होती. सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

सीलिॲकची रक्ततपासणी आणि बायोप्सी (आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे काढून तपासणं) दोन्ही ग्लुटेन खात असतानाच खरं बोलतात. गहू बंद केला की रक्तातल्या प्रतिपिंडांचं (शरीराने ग्लुटेनविरुद्धच्या लढाईत तयार केलेल्या प्रथिनांचं) प्रमाण घसरत जातं, आतडं भरून येऊ लागतं आणि आजार असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो. मग तो माणूस ना इकडचा ना तिकडचा. आजार आहे हे माहीत नसल्याने चवथीला नेवरी खातो, लग्नात पुरी खातो आणि आत नुकसान चालूच राहतं. किंवा आजार नसूनही जन्मभर महागड्या पिठांमागे धावतो. घरच्यांची तपासणीही मग कुणी करत नाही.

गहू सोडून आठवडा-दोन आठवडेच झाले असतील तर उद्याच रक्त द्या. महिने झाले असतील तर डॉक्टरांशी बोलून गहू पुन्हा सुरू करावा लागतो. साधारणपणे दिवसाला दोन चपात्या किंवा एक-दोन पाव, सहा ते आठ आठवडे, आणि मग तपासणी. हे सोसत नसेल तर एचएलए जनुकांची तपासणी कामी येते, कारण तिला जेवणाशी देणंघेणं नाही. ती जनुकं नसतील तर सीलिॲक जवळजवळ निकालात निघतो. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही (का, ते प्रश्न २ मध्ये).

८. नेमकी कोणती तपासणी सांगायची? पुण्या-मुंबईला जावं लागेल का?

रक्तासाठी नाही. टीटीजी-आयजीए (सीलिॲकमध्ये वाढणारी प्रतिपिंडं मोजणारी तपासणी) आणि त्याच्या जोडीला एकूण आयजीए, अशी दोन नावं चिठ्ठीवर हवीत. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगावातल्या लॅब नमुना घेतात, स्वतः करत नसल्या तर पुढे पाठवतात. उपाशीपोटी जायची गरज नाही.

दुसरं नाव विसरू नका. सीलिॲक असलेल्या शंभरातल्या दोघा-तिघांच्या शरीरात आयजीए हा प्रतिपिंडांचा प्रकार मुळातच तयार होत नाही, आणि त्यांची पहिली तपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येते. अशांसाठी आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या तपासण्या असतात.

बाजारात ‘शंभर पदार्थांची फूड इनटॉलरन्स टेस्ट’ मिळते. सीलिॲकसाठी तिचा काडीचा उपयोग नाही, पैसे वाचवा.

९. एंडोस्कोपी केलीच पाहिजे का? मूल लहान आहे, भीती वाटते.

मोठ्यांत रक्त पॉझिटिव्ह आल्यावर तोंडातून दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-सहा बारीक तुकडे घेऊन खात्री करणं ही सर्वसाधारण रीत आहे. मुलांत सूट आहे. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या नियमांप्रमाणे टीटीजी-आयजीए कमाल मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही प्रतिपिंडांचीच दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर बायोप्सीशिवाय निदान करता येतं. हा निर्णय बालपोटविकारतज्ज्ञांनी घ्यायचा, आपण लॅबचा कागद बघून नव्हे.

१०. बायोप्सीत रसांकुर सपाट आहेत, पण रक्त निगेटिव्ह. आता काय समजायचं?

किनारपट्टीवर आणि दक्षिणेत हा पेच खरोखर येतो. रसांकुर झिजण्याचं सीलिॲक हे एकमेव कारण नाही. ट्रॉपिकल स्प्रू नावाचा आजार उष्ण कटिबंधातल्या लोकांना होतो, बायोप्सीत थेट सीलिॲकसारखा दिसू शकतो, आणि बरा होतो तो टेट्रासायक्लिन व फॉलिक ॲसिडने. तिथे गहू सोडून काही साधत नाही. जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग, आतड्याचा क्षय, काही औषधं यांनीही असंच चित्र उभं राहतं. म्हणून आधी एकूण आयजीए पाहा, बायोप्सीच्या वेळी गहू चालू होता का ते आठवा, आणि गरज पडली तर एचएलए करा. सपाट रसांकुर दिसले म्हणून लगेच जन्मभराचं पथ्य गळ्यात बांधून घेऊ नका.

११. मग खायचं काय? घरात गहू नाही तर काहीच नाही असं वाटतं.

गोव्यात हे वाटण्याचं कारण नाही. पंजाबातल्या रुग्णाला अख्खं ताट बदलावं लागतं, आपल्याला ताटाचा एक कोपरा.

उकडे तांदूळ, सुरय, पेज, हुमण, खतखते, सोलकढी, किसमूर, काफ्रेल, शाकुती, डाळी, भाज्या, अंडी, दूध, फळं यांत मुळात ग्लुटेन नाही. न्याहारीला पोळे, घावन, आंबोळी, सान्नां, इडली, तांदळाच्या शिरवळ्या, पोहे. भाकरी तांदळाची, नाचणीची, ज्वारीची. गोडात पातोळ्या, उकडीचे मोदक, मणगणे, दोदोल, पिनाग. उपासाचे साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा हेही चालतात.

बंद काय? पाव, पोई, उंडे, काकणां, चपाती, पुरी, रवा, मैदा, शिरा, उपमा, दलिया, गव्हाच्या शेवया, नेवऱ्या, बेबिंका, रव्याच्या बोलिन्हा, बिस्किटांच्या चुऱ्याची सेरादुरा, सातूचं पीठ, बाजारची थालीपीठ भाजणी, माल्ट घातलेली दुधात टाकायची पेयं. तवसाळी काही घरी तांदळाच्या रव्याची करतात, काही घरी गव्हाच्या, तेव्हा विचारूनच. ओट्स शुद्ध असतील तर बहुतेकांना सोसतात, पण साध्या पाकिटातल्या ओट्समध्ये गहू मिसळलेला असण्याचा धोका मोठा. पहिलं वर्ष त्यांच्यापासून लांबच राहा.

१२. मासे चालतात ना? मग हॉटेलात जेवलं की त्रास का होतो?

रव्यामुळे. दुपारी एकच्या सुमाराला फिश थाळीच्या खानावळीत डोकावून बघा. भट्टीशेजारी परातीत रव्याचा ढीग, त्यात मसाला चोळलेला बांगडा दोन्ही अंगांनी दाबायचा, तव्यावर टाकायचा, आणि तोच तवा, तेच तेल, तोच उलथणा पुढच्या इसवणासाठी (सुरमईसाठी). तुम्ही ‘रवा नको’ म्हणालात तरी तव्यावर आधीच्या माशाचा जळका रवा असतोच. भज्या-पुऱ्यांच्या कढईतले बटाट्याचे काप, कट्लेट यांचीही तीच गत.

घरी तांदळाचं पीठ किंवा तांदळाचा रवा लावा, कुरकुरीतपणात काही कमी पडत नाही. बाहेर शीत, हुमण, उकडलेली भाजी, दही मागा. हुमणातही कुणी दाटपणासाठी पीठ घालतं का ते एकदा विचारा. मालकाला ‘ग्लुटेन’ सांगण्यापेक्षा ‘गहू, रवा, मैदा पोटात गेला की आजारी पडतो’ असं सांगितलं तर लगेच समजतं.

१३. सगळं पाळतो, तरी टीटीजी खाली येत नाही. गहू येतो कुठून?

आधी हिंगाची डबी बघा. बाजारात मिळणारा हिंग शुद्ध नसतो, डिंक आणि पीठ घालून बांधलेला असतो, आणि ते पीठ बहुधा गव्हाचं किंवा मैद्याचं. डबीच्या मागच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं. रोजच्या फोडणीत तो पडतो, लोणच्यात पडतो, पापडात पडतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो आणा. पुढचा नंबर सोया सॉसचा, तो गव्हावरच आंबवतात, म्हणजे गाड्यावरचं चायनीज संपलं. माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर मात्र बिनधास्त वापरा.

मग गिरण. गावच्या गिरणीत तुमच्या नाचणीआधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात आणि जात्याच्या कडेला, कापडी नळीत ते पीठ अडकून राहतं. गिरणवाल्याने मूठभर तांदूळ फिरवून ‘साफ केली’ म्हटलं तरी ती साफ होत नाही. घरघंटी घेता आली तर उत्तम, आणि तिच्यात गहू कधीही घालायचा नाही. नाहीतर तांदूळ भिजवून मिक्सरवर वाटा.

घरात इतरांसाठी चपात्या होत असतील तर परात, पोळपाट-लाटणं, चाळण आणि तवा रुग्णासाठी वेगळे ठेवा आणि त्याचं जेवण आधी करा. स्टीलची भांडी घासून दोघांनाही चालतात. लाकडी भांडी आणि चाळण मात्र नाही.

पाकिटांवर ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर भारतात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन असता कामा नये. सुट्या बेकरीच्या मालाला असा काही आधार नसतो.

१४. पोदेराची पोई कोंड्याची असते, आणि खपली गहू तर जुना देशी. तेही नाही?

तेही नाही. पोईवर जो कोंडा भुरभुरलेला असतो तो गव्हाचा, आणि आतलं पीठही गव्हाचं. खपली, बन्सी, देशी, सेंद्रिय, जात्यावर दळलेला, रात्रभर आंबवलेला, सगळ्या गव्हांत ग्लुटेन आहे. ‘खपली मधुमेहाला बरी’ हा वेगळा विषय, त्याची इथे सरमिसळ नको. सकाळी पोदेराचा भोंपू वाजल्यावर मुलाला पाव नाकारताना आईबापांच्या पोटात तुटतं हे आम्ही जाणतो. त्या वेळेला तव्यावरचा गरम पोळा तयार ठेवला तर बराच फरक पडतो.

१५. देवाचा प्रसाद तरी? चिमूटभर शिऱ्याने काय होतं?

आकडाच सांगतो. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होऊ शकते असं अभ्यासांत दिसलं आहे. रोजची १० मिलिग्रॅमपर्यंतची चूक बहुतेकांना सोसते. एका मध्यम पावात ग्लुटेन असतं ३ ते ४ ग्रॅम. म्हणजे पावाचा साठावा-सत्तरावा भाग रोज गेला तरी पुरे. चिमूटभर शिरा या हिशेबात मोठाच ठरतो.

सत्यनारायणाला घरी शिरा करायचा तर तांदळाच्या रव्याचा करा. देवळात प्रसाद हातावर घ्या, कपाळाला लावा आणि शेजारच्याला द्या. भटजींना आधी सांगितलं तर पंचखाद्य किंवा फळ देतात, असा बहुतेकांचा अनुभव. चवथीला माटोळीखालच्या नेवऱ्या इतरांसाठी होणारच. त्या दिवशी मैद्याचं पीठ हवेत उडतं, तेव्हा पातोळ्या आदल्या दिवशी किंवा वेगळ्या ओट्यावर करा. तळणीचं तेल आधी रुग्णाच्या पदार्थाला, मग नेवऱ्यांना.

ख्रिस्ती शेजाऱ्यांकडूनही हाच प्रश्न येतो. मिस्सावेळची ओस्त (प्रसादाची पातळ चकती) गव्हाचीच असावी लागते. पूर्ण ग्लुटेनविरहित ओस्त चर्चला मान्य नाही, पण अत्यल्प ग्लुटेनची ओस्त मान्य आहे, आणि फक्त द्राक्षारस घेण्याचीही मुभा आहे. पाद्रींशी आधी बोलावं.

१६. बिअर, फेणी, उर्राक?

बिअर जवाची, म्हणून बंद. काजूची किंवा माडाची फेणी आणि उर्राक यांत धान्य नाही, त्यामुळे ग्लुटेनही नाही. आतडं भरून येईपर्यंत दारूच नको हा वेगळा सल्ला, तो डॉक्टर देतीलच.

१७. मुलीला निघाला. आम्हा बाकीच्यांनी तपासायचं का?

हो, आई-वडील, सख्खी भावंडं, मुलं, सगळ्यांनी, लक्षण असो वा नसो. जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांत शंभरामागे सुमारे सात जणांना तो निघतो. पहिली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून कायमची सुटका नव्हे, कारण आजार कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो. मुलांत दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा पाहतात. एचएलए निगेटिव्ह आलं तर त्या माणसापुरता विषय संपला. आणि हो, तपासणीआधी ‘घरात सगळ्यांनीच गहू सोडू’ असं प्रेमापोटी करू नका, प्रश्न ७ आठवा.

१८. बाळाला गहू उशिरा दिला तर टळेल का?

टळत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या युरोपीय अभ्यासांत हे तपासलं गेलं. ग्लुटेन लवकर दिलं काय, वर्षानंतर दिलं काय, शेवटी आजाराचं प्रमाण तेवढंच राहिलं. स्तनपानानेही तो टळत नाही, अर्थात स्तनपानाची इतर कारणं भरपूर आहेत. सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नात गहू थोडा थोडा येऊ द्या, एकदम भरपूर नको.

१९. शाळेत माध्यान्ह आहारात भाजी-पाव असतो. काय करायचं?

डॉक्टरांचं पत्र मुख्याध्यापकांना द्या, वर्गशिक्षिकेला आणि आहार वाटणाऱ्या बाईंना प्रत्यक्ष भेटा. मुलाला घरचा डबा द्या. भाजी चालेल असं गृहीत धरू नका, भाजीचा डाव पावाच्या टोपलीत गेलेल्या हातांतच फिरतो. वाढदिवसाच्या केकसाठी शिक्षिकेकडे चिक्की किंवा खोबऱ्याच्या वड्यांची डबी ठेवून द्या. मुलाला सर्वांत जास्त लागतं ते वेगळं पडण्याचं दुःख, म्हणून ‘तुला नाही’ हे वाक्य त्याच्या कानावर कमीत कमी यावं.

२०. लग्न जमवताना सांगावं का? मूल होण्यात अडचण येते म्हणतात.

सांगावं, आमचं मत स्पष्ट आहे. लपवलं तर सासरी पहिल्याच आठवड्यात चपाती समोर येणार आणि मुलगी संकोचाने खाणार. अडचण येते ती उपचार न घेतलेल्या आजारात. पथ्य नीट चालू असेल, रक्त आणि फॉलिक ॲसिड सुधारलेलं असेल, तर गर्भधारणा आणि बाळंतपण इतर बायकांसारखंच होतं. पाहुण्यांना हा कागद वाचायला दिला तरी चालेल.

२१. पथ्य सुरू करून तीन महिने झाले, अजून पोट साफ नाही. निदान चुकलं का?

बहुधा नाही. जुलाब, थकवा काही आठवड्यांत कमी होतात, पण प्रतिपिंडं उतरायला सहा महिने ते दोन वर्षं लागतात आणि मोठ्या माणसाचं आतडं त्याहूनही सावकाश भरतं. तोवर दूध सोसत नाही, कारण दुधातली साखर पचवणारा रस त्याच झिजलेल्या अस्तरात तयार होतो. दोन-तीन महिने दुधाऐवजी दही-ताक घ्या. चोरवाटेने येणारा गहू (प्रश्न १३) पुन्हा एकदा तपासा. निदानाच्या वेळी लोह, ब-१२, फॉलेट, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि मोठ्यांत हाडांची घनता पाहिली गेली नसेल तर आता पाहा. न्युमोकोकसची लस आणि हेपॅटायटिस बीचं संरक्षण याबद्दलही विचारा, या आजारात या दोन्हींपासूनचं संरक्षण कमी पडू शकतं. वर्षभर खरोखर काटेकोर राहूनही वजन उतरत असेल तर मात्र पोटविकारतज्ज्ञांकडे परत जाच. फार थोड्यांत आजार पथ्याला दाद देत नाही आणि त्यातून आतड्याचा लिम्फोमा हा कर्करोग उद्भवू शकतो.

२२. लहानपणी निदान झालं होतं. आता चाळिशीत पाव खाल्ला तरी काही होत नाही. बरा झालो ना?

त्रास थांबणं आणि आजार थांबणं या दोन गोष्टी आहेत. वयात येताना बऱ्याच जणांची लक्षणं मावळतात, आतड्यातली झीज चालू राहते आणि ती पुढे हाडांत किंवा रक्तात दिसते. जुने कागद शोधा, निदान कशावरून झालं होतं ते पाहा. बायोप्सी किंवा टीटीजी न करता नुसत्या लक्षणांवरून ‘गहू बंद’ सांगितलं गेलं असेल तर ते निदान चुकीचंही असू शकतं, आणि तुम्ही पाव खात आहात त्याअर्थी आज तपासणीसाठी योग्य वेळ आहे. टीटीजी-आयजीए, एकूण आयजीए, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून घ्या आणि अहवाल येईपर्यंत पाव बंद करू नका.